मामाची ट्रंक, पूर आणि ४८ तास

सर्वात आधी माफी. माझं शिक्षण नर्सरीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'वेलांटी पहिली की दुसरी' हा प्रश्न मला थर्मोच्या कुठल्याही प्रॉब्लेमपेक्षा अवघड वाटतो. मराठी विभागाच्या संपादक मंडळाने "तू लिही गं, शुद्धलेखन आम्ही बघतो" असं वचन दिलं, म्हणून हे धाडस करतेय.

विषय जरा विचित्र आहे. पुराच्या पाण्यात भिजलेली सायन्स फिक्शन सिनेमांची पोस्टर्स, फोटो, कॅसेट वगैरे वाचवायची कशी? तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग! पण आपल्या हॉस्टेलमध्ये चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर इथली कितीतरी मुलं-मुली आहेत. तुमच्या घरी पोस्टर नसेल, पण लग्नाचा अल्बम असेल, आजोबांचा फोटो असेल, मार्कशीट असेल. कागद तोच आणि पाणीही तेच.

माझा मामा चिपळूणचा. तरुणपणी आयटीआय करून तो मुंबईला नोकरीला गेला आणि १९८३ ते १९९६ तिथेच राहिला. पगारातले पैसे उरले की स्टर्लिंग, रीगल, इरॉसला इंग्रजी सिनेमा बघायचा आणि रविवारी चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुनी पोस्टर्स शोधत फिरायचं, हा त्याचा छंद. त्यातही फक्त अंतराळ, रोबो, एलियन असलं काही असेल तरच. पुढे गावी येऊन त्याने रिपेअरिंगचं दुकान टाकलं, पण ट्रंक सोबत आणली. थिएटरबाहेर काचेच्या कपाटात लावतात ते जाड फोटो-कार्ड, ज्यांना लॉबी कार्ड म्हणतात, ती तिच्यात सर्वात जास्त. 'स्टार वॉर्स', 'एलियन्स', 'टर्मिनेटर २'. घड्या घातलेली पोस्टर्स, त्यात हिंदी डबिंगचं 'जुरासिक पार्क'. 'मिस्टर इंडिया'ची आणि १९६७ च्या दारासिंगच्या 'चाँद पर चढाई'ची गाण्यांची पुस्तिका. 'ई.टी.'ची व्हिडिओ कॅसेट, एक रेकॉर्ड, बॅटरीवर चालणारा एक रोबो. आणि बिस्किटाच्या डब्यात ३५ एमएमच्या फिल्मचे तुकडे, जे प्रोजेक्टरवाल्या ऑपरेटरने त्याला दिले होते. लहानपणी ते उन्हात धरून बघणे हा माझा सुट्टीतला आवडता उद्योग.

२००५ च्या पुरात मामाच्या घरात पाणी आलं होतं. तेव्हापासून ट्रंक पाच फूट उंचीच्या फळीवर ठेवलेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी गावात शिरलं ते त्या फळीच्याही वर गेलं. मामा-मामी दोन रात्री शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होते. मी आणि आई रत्नागिरीहून २५ तारखेला पोहोचलो. माझी दहावीची परीक्षा कोरोनामुळे रद्द झालेली, त्यामुळे मी रिकामीच होते. दुकानात गुडघाभर चिखल, लोकांचे रिपेअरला आलेले टीव्ही त्यात उलटे पडलेले. मी ट्रंकचं नाव काढलं तर मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो ती. आधी दुकान बघूया." बरोबरच होतं त्याचं. पण मोठी माणसं दुकानात आणि मी घरी एकटी, म्हणून मी ट्रंक उघडली. आत काठोकाठ पाणी!

आता मी काय काय चुकीचं केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

पहिली चूक : ऊन. मधूनच ऊन पडत होतं. मी गच्चीवर चादर पसरली, वीस कार्डं आणि चार पोस्टर्स वाळत घातली. जागा पुरेना म्हणून काही कार्डांचा गठ्ठाच तसा ठेवला. दुसरी चूक : इस्त्री. रत्नागिरीला नेऊन अर्धवट ओलं 'जुरासिक पार्क' सुती कापडाखाली ठेवून इस्त्री फिरवली. कापड उचललं तर पोस्टरचा काळा रंग कापडावर! गठ्ठा तर वाळून अक्षरशः वीट झाली. आजही ती वीट माझ्याकडे आहे. कडेने बघितलं की 'एलियन्स'ची निळसर रेघ दिसते, बास.

असं का झालं? हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. ते एकमेकांना हायड्रोजन बॉंडने धरून असतात. पाणी मध्ये शिरलं की ते बॉंड सुटतात, म्हणून ओला कागद स्वतःच्या वजनानेही फाटतो. पण पोस्टर आणि लॉबी कार्डांचा कागद साधा नसतो, चकचकीत असतो. त्या चकचकीत थरात चिनी माती किंवा खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ते धरून ठेवायला स्टार्च, लॅटेक्स असा बाइंडर. ओलं झालं की बाइंडर मऊ पडतो. समोरासमोर असलेली दोन कार्डं वाळायला लागली की मधल्या पाण्याचा सरफेस टेन्शन त्यांना जवळ ओढतो आणि दोन्ही थर एकमेकांत वाळतात. पुन्हा भिजवूनही सुटत नाहीत. म्हणजे चकचकीत कागद ओला असेपर्यंत वाचण्यासारखा असतो, तो न सोडवता वाळू दिला की संपला. माझी ट्रंक तीन दिवस पाण्याने भरलेली होती, ही खरं तर त्या कार्डांची लकच होती. मी ती घालवली. इस्त्रीने तर मऊ बाइंडर आणखी वितळवला.

उन्हाचंही तसंच. एक बाजू आधी वाळते, आकसते, कागद गुंडाळतो, वर युव्हीने रंग उडतो.

पण अर्धा माल वाचला, तो कसा ते ऐका. त्या दिवशी चारनंतर पाऊस आला. उरलेलं सगळं मी तसंच ओलं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून रत्नागिरीला आणलं. रात्री नेटवर शोधताना सगळीकडे एकच सांगितलेलं : ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात नीट वाळवता येत नसेल तर वाळवत बसू नका, गोठवा. आमचे ४८ तास कधीच उलटून गेले होते, तरी म्हटलं बघू. फ्रीजरमधलं पापलेट आणि वाटाणे बाहेर काढले आणि 'स्टार वॉर्स' आत गेलं. आईने त्या रात्री जे काही ऐकवलं ते इथे छापता येणार नाही. पापलेट मात्र छान झालं होतं.

ही आयडिया माझी नाही, जगात मोठमोठ्या लायब्रऱ्यांनी केलेली आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला तेव्हा हजारो ग्रंथ चिखलातून काढावे लागले. त्यातले कित्येक चक्क तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांत वाळवले, कारण दुसरं साधन नव्हतं. कागद वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या पुरातून शिकलेलं आहे. पुढे जून १९७२ मध्ये अमेरिकेत ॲग्नेस वादळाच्या पुरात कॉर्निंगच्या काचेच्या म्युझियमची लायब्ररी बुडाली, तेव्हा भिजलेली पुस्तकं सरळ गोठवून ठेवली आणि मग सावकाश वाळवली.

गोठवल्याने कागद सुधारत नाही, फक्त वेळ मिळतो. बुरशी थांबते पण मरत नाही, बाहेर काढलं की पुन्हा जागी होते. शाई पसरायची थांबते. थर चिकटायचे थांबतात. घरी करायचं तर पाकिटं पातळ करा, म्हणजे ती लवकर गोठतील. हळूहळू गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि तंतू ताणतात. दोन कार्डांच्या मध्ये मेणकागद किंवा केकवाल्यांचा बेकिंग पेपर घाला. पिशवीवर आत काय आहे ते लिहा. मी लिहिलं नव्हतं, पाच महिने आई 'हे काय आहे' म्हणून रोज उघडून बघायची.

डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाल्यावर मी एका वेळी दोन-तीनच कार्डं बाहेर काढायची. वितळली की ओली असतानाच एकमेकांपासून सोडवायची, उचलताना खाली प्लास्टिकची जाड शीट घालायची (ओएचपीची ट्रान्सपरन्सी मस्त चालते), मग टीपकागदावर चित्र वर करून ठेवायची. टीपकागद दर तासाने बदलायचा. पंखा चालू, पण झोत भिंतीकडे. जवळजवळ सुकली की पुन्हा दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर आडवी फळी आणि वजन. वजनाला बाबांची डिक्शनरी आणि अप्पांची गीतेची भाष्यं, दोघांनाही न विचारता. चौदापैकी बारा कार्डं सुटली!

त्यात एक गंमत झाली. 'चाँद पर चढाई'च्या पुस्तिकेची पिशवी नीट बंदच झाली नव्हती. ती पुस्तिका फ्रीजरमधून निघाली तीच जवळजवळ कोरडी, सपाट आणि पानं सुटी! तेव्हा आम्हाला चमत्कार वाटला. एस.ई.ला आमच्या मॅडमनी पाण्याचा पी-टी डायग्राम काढला, ट्रिपल पॉईंट ०.०१ अंश सेल्सिअस आणि ६११ पास्कल, तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. उणे १८ अंशाला बर्फाचा व्हेपर प्रेशर १२५ पास्कलच्या आसपास असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडाव्याची कॉइल बर्फापेक्षाही गार असते, हवेतली वाफ तिच्यावर जाऊन बसते, त्यामुळे हवेतल्या वाफेचा प्रेशर १२५ पेक्षा कमी राहतो. मग पुस्तिकेतला बर्फ पाणी न होता सरळ वाफ होतो. मध्ये द्रव अवस्थाच नाही, म्हणजे सरफेस टेन्शन नाही, म्हणजे पानं चिकटायचा प्रश्नच नाही. मोठ्या संस्था हेच काम व्हॅक्युम चेंबरमध्ये प्रेशर ६११ च्या खाली नेऊन भराभर करतात. आमच्या फ्रीजने तेच फुकटात, पण पाच महिने घेऊन केलं. परीक्षेत सब्लिमेशनचं उदाहरण म्हणून मी कापूर न लिहिता दारासिंग लिहावा असं फार वाटलं होतं, पण धीर झाला नाही.

ज्यांच्याकडे फ्रीजर नाही किंवा लाइटच नाही (मामाच्या घरी नव्हतीच), त्यांनी काय करावं? बर्फाच्या पेटीत फक्त शून्य अंश मिळतं, त्याने बुरशी मंदावते, थांबत नाही. कुल्फीवाल्यासारखं बर्फात मीठ घातलं तर मात्र उणे २१ पर्यंत जाता येतं. हे मी करून बघितलेलं नाही, फक्त हिशोब सांगतेय. पिशव्या मात्र पक्क्या बंद हव्यात, नाहीतर खारवलेलं पोस्टर मिळेल.

लाइट आल्यावर दुसरा उपाय मामाचाच. पावसाळ्यात तो मीटर वगैरे ठेवायच्या कपाटात बल्ब लावून ठेवतो. सायक्रोमेट्रिक चार्ट काढून बघा. २६ अंशाला ९० टक्के आर्द्रता असलेली आपली कोकणी हवा फक्त ३२ अंशापर्यंत गरम केली, की तीच हवा साधारण ६४ टक्क्यांवर येते. बुरशीला ६५-७० च्या वर आवडतं. म्हणजे सहा अंशांत काम झालं! पण कपाटाला फट ठेवा. कागदातलं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर थोड्या वेळाने आत तुर्की हमाम तयार होतो.

बाकीच्या वस्तूंचं पटकन सांगते. रेकॉर्डला पाण्याने काही होत नाही, फक्त कव्हरमधून लगेच बाहेर काढा, धुवा आणि उभी वाळवा. रोबोची बॅटरी सर्वात आधी काढा. आमच्या रोबोत ती फुटून पांढरी पूड जमलेली. अल्कलाइन सेल असेल तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून बनलेलं असतं, हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा. गाण्यांच्या पुस्तिकेची पिन गंजायच्या आत काढून टाका, गंजाचा डाग जात नाही. आणि हे सगळं करताना हातमोजे आणि मास्क हवेतच. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, लेप्टोचा धोका असतो. बुरशी ओली असताना पुसू नका, आत चोळली जाते. वाळल्यावर घराबाहेर मऊ ब्रशने झटका.

फिल्मचे तुकडे आणि खरे फोटो यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर जिलेटिनचा थर असतो (हो, जेलीतलंच). तो पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजाऱ्याला चिकटतो. म्हणून ओले फोटो एकमेकांपासून किंवा फ्रेमच्या काचेपासून ओढून काढू नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवा आणि ते आपणहून सुटतायत का बघा. पाणी गारच हवं, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त नको. बिस्किटाच्या डब्यातल्या तुकड्यांपैकी निम्मे असे काचेच्या ग्लासात सुटले. ते मी कडेला कपड्यांचा चिमटा लावून दोरीवर टांगले. चिकटून वाळलेल्या फिल्मचंही कधी कधी होऊ शकतं, पण ते माझं-तुमचं काम नाही. मेलिएसचा १९०२ चा 'अ ट्रिप टू द मून', म्हणजे सगळ्या सायन्स फिक्शन सिनेमांचा आजोबा, त्याची हाताने रंगवलेली एक प्रिंट १९९३ मध्ये स्पेनमध्ये कॅटालोनियाच्या चित्रपट संग्रहालयाकडे आली तेव्हा ती एक घट्ट चकती झालेली होती. फ्रान्समधल्या तज्ज्ञांनी ती हळूहळू सैल करत सुटेल तसा एकेक फ्रेम काढून त्याचे फोटो घेतले, आणि २०११ मध्ये तो सिनेमा कानच्या महोत्सवात रंगीत दिसला. हे वाचल्यापासून मी माझी वीट टाकलेली नाही.

खूपच मौल्यवान काही असेल तर घरी प्रयोग करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशन सेंटर आहे, लखनौला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर फिल्मबरोबर पोस्टर्स आणि गाण्यांच्या पुस्तिकासुद्धा जपतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला लिहायला सगळ्यात जड जातेय.

फ्रीजरमध्ये टाकण्याआधी मी तीन कार्डांवरचा चिखल धुतला होता. परातीत पाणी घेऊन, प्लास्टिक शीटवर ठेवून, हलक्या हाताने, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. त्यातलं एक 'स्टार वॉर्स'चं होतं. पुढची बाजू झकास निघाली. परातीतलं पाणी निळं झालं तेव्हा मला वाटलं चित्राचा रंग जातोय, म्हणून मी आणखी भरभर धुतलं. उलटं केलं तेव्हा मागे निळा ढग होता.

मामा प्रत्येक कार्डाच्या मागे लिहायचा. सिनेमा कुठे बघितला, तारीख, सोबत कोण. बॉलपेनने लिहिलेलं सगळं टिकलं, कारण ती शाई तेलकट असते. पण सुरुवातीच्या वर्षांत तो फाउंटन पेन वापरायचा आणि ती शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला डाय. कापसाचा ओला बोळा एका अक्षराच्या टोकाला टेकवून बघितलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. तसं कार्ड न धुता चिखलासकट गोठवायचं आणि वाळल्यावर चिखल ब्रशने काढायचा. चिखल नंतरही निघतो.

मी आधी काय वाचवायला घेतलं होतं? पोस्टर्स, कारण ती मोठी आणि रंगीत. 'जुरासिक पार्क'चं पोस्टर गेलं म्हणून मी रडले होते. ते पोस्टर आजही शोधलं तर मिळेल. 'स्टार वॉर्स'ची ती कार्डंही जगात शेकडो असतील. मागचं लिखाण एकच होतं. ट्रंक उघडल्यावर हात लावायच्या आधी सगळ्या वस्तूंच्या दोन्ही बाजू बघून, कुठली गोष्ट परत मिळणार नाही ते ठरवायला पाच मिनिटं लागली असती. मला पुढची बाजू म्हणजेच वस्तू वाटली.

जानेवारीत मी वाचलेला गठ्ठा घेऊन चिपळूणला गेले. दुकान नव्याने सुरू झालं होतं, भिंतीवर पाण्याची रेघ तशीच. मामाने सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि कार्डं बघितली. निळा ढग बघून काही बोलला नाही. मी विचारलं, "मामा, इथे काय लिहिलेलं?" तर म्हणाला, "तारीख असेल." मामी आतून म्हणाली, "स्टर्लिंग. लग्नाआधी. मला काडीचं समजलं नव्हतं." मामा हसला. मग मी त्याला पेन्सिल दिली, शाई नको म्हणून. ग्रॅफाइट पाण्याने जात नाही. त्याने निळ्या ढगाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं : 'पुरात भिजलं. जुलै २०२१. धुतलं — भाची.' आता ते तिथे कायमचं आहे आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं.

राहिली ती कॅसेट. 'ई.टी.'ची टेप मी स्वच्छ पाण्याने धुऊन, अजिबात गरम न करता, उघड्यावर महिनाभर वाळवली. टेपचा पॉलिस्टर चांगला टिकतो, भीती वरच्या मॅग्नेटिक थराच्या बाइंडरची. बुरशी दिसत नाही. पण चालवून बघायला व्हीसीआर कुठे आहे? मामाच्या दुकानात होते ते दोन्ही पुरात गेले. कुणाच्या घरी चालू स्थितीतला व्हीसीआर धूळ खात पडला असेल तर प्लीज टी.ई. मेकॅनिकलला, शेवटून दुसऱ्या बाकावर, येऊन सांगा. हेड साफ करून परत देईन.